पाठीवरची फुली

होळीनंतरच्या बुधवारी आबा झाडावरून पडले. त्यांचं गळ्याचं हाड मोडलं. खोऱ्यात हाडं बांधणारे आबाच होते, म्हणून ते हाड मी बांधलं.

त्या बुधवारच्या आधीचे आबा आठवायचे म्हटले, की ते मला त्यांच्या पडवीत मेढीला, म्हणजे पुढच्या लाकडी खांबाला टेकून बसलेले दिसतात. समोर वाट होती. ती गुंजवणी नदी ओलांडून वर येई, आंब्याच्या सावलीत नाहीशी होई आणि थोडी पुढे पुन्हा उजेडात निघे. सकाळचं धुकं राजगडावरून उतरून खाचरांत साचलेलं असे. त्या धुक्यात माणसाचं तोंड दिसत नसे, कपडे दिसत नसत, नुसती चाल दिसे. आबा ती चाल पाहत. हनुवटी थोडी उचलून, डोळे बारीक करून. मग आत सुनेला सांगत, "पाणी तापिव गं. गळ्याचं हाड येतंय."

माणूस येतोय असं ते म्हणत नसत. हाड येतंय, असं म्हणत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून विचारलं, "कशावरून आबा?"

"मान कलती हाय, बगा. आन् दुसऱ्या हातानं कोपर उचलून धरलंय. गळ्याचं मोडलं की माणूस आपलाच हात तान्ह्या पोरावानी सांभाळत येतं. खांदा निखळला असता तर हात अंगापासून लांब धरला असता. जवळ घिऊ देत न्हाई मंग."

वाटेवरचा माणूस पडवीत आला तेव्हा त्याच्या गळ्याखालचं आडवं हाड मधोमध मोडून कातडीखाली टेंगूळ आलेलं होतं. पाणी तोवर तापलं होतं.

मी भोरचा. गुंजवण्याला शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा माझ्याबरोबर एक वळकटी आणि पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या. आबांच्या घराला लागून असलेली खोली मला राहायला मिळाली. शाळा सुटली की मी त्यांच्या पडवीच्या कडेला बसून वाचत असे. आबांना अक्षर येत नव्हतं. पण अक्षराबद्दल त्यांना इतका आदर होता की मी वाचत असताना ते खोकलासुद्धा दाबून धरत. कधी फार वेळ पान उलटलं नाही तर हळूच विचारत, "वाचताय का नुस्तं बगताय मास्तर?" बहुतेक वेळा मी नुसतं बघतच असे.

आमच्या त्या खोऱ्यात खांदे मोडायलाही ऋतू होते. फाल्गुन-चैत्रात माणसं झाडावरून पडत. भाताचं रोप ज्या जागी टाकायचं ती जागा पालापाचोळा जाळून भाजतात, तो राब. त्यासाठी ऐना-किंजळावर चढून फांद्या तोडाव्या लागत. आषाढात माणसं बांधावरून घसरत. दिवाळीनंतर पेंढ्याच्या उडवीवरून कोसळत. आबा म्हणत, "पडायचं ठिकाण बदलतंय. हाड त्येच."

हाडाबद्दल त्यांचं बोलणं सगळं शेतावरचं होतं. गळ्याखालच्या आडव्या हाडाला ते जू म्हणत. "ह्ये जू हाय मास्तर. दोन्ही खांदे म्हंजी दोन बैल. जू हाय तवर बैल आपापल्या जागी. जू मोडलं की बैल आत घुसत्यात. म्हून मोडक्या हाडाला दाबायचं न्हाई. दोन्ही बैल मागं वढायचे. बैल जाग्याव आले की जू आपसुक सांधतं."

ते रोग्याला पाटावर बसवत. मागे उभे राहून त्याच्या पाठीच्या मधोमध गुडघा टेकवत आणि दोन्ही खांदे धरून सावकाश मागे ओढत. काखांत कापसाच्या उशा ठेवत. मग पागोटं सोडवून घेत. ते नेहमी रोग्याचंच असे. एका खांद्यावरून काखेखाली, तिथून पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर, पुन्हा काखेखाली, पुन्हा पाठीवरून. पाठीच्या मधोमध पागोट्याचे पदर एकमेकांना छेदत आणि तिथे मोठी फुली पडे. ती पाहायला आबा चार पावलं मागे सरत, डोकं तिरकं करत आणि म्हणत, "फुली पडली."

मग माझ्याकडे बघून मिश्कीलपणे म्हणत, "तुमच्यात फुली म्हंजी चुकलं. आमच्यात फुली म्हंजी बरुबर."

हा विनोद त्यांनी माझ्यादेखत शंभर वेळा केला असेल. मी दर वेळी हसलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा हसलो त्यापेक्षा शंभराव्यांदा जास्त हसलो.

वरून आंबेहळदीचा लेप असे. एकदा मी विचारलं, लेपाने हाड जुळतं का? ते म्हणाले, "लेप माणसासाठी. फुली हाडासाठी. लेप लावला न्हाई तर माणूस म्हंतंय, म्हाताऱ्यानं काय केलं? नुस्तं माझं पागोटं मलाच बांधलं."

निखळलेला खांदा असला तर मात्र वेगळी तऱ्हा. सारोळ्याकडचा एक दांडगा गडी गाडीत घालून आणला होता. खांद्याची गोलाई गेली होती, टोकाखाली खळगा दिसत होता. गडी हात लावू देईना. आबा त्याला जमिनीवर निजवून शेजारी बसले, आपली टाच त्याच्या काखेत टेकवली, मनगट धरलं आणि गप्पा सुरू केल्या.

"बैल कुणाचा थोर रं? तुजा का तुज्या मेव्हण्याचा?"

"मेव्हण्याचा कसला थोर? त्याचा बैल म्हंजी..."

टक असा आवाज झाला. गडी क्षणभर आढ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "...शेळी हाय." वाक्य पुरं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हात जागेवर आहे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती गेल्यावर कळतं की आपण त्यांना नुसतं बघत होतो, वाचत नव्हतो. मी तर एक वही केली होती. आबा काय करतात ते तिच्यात टिपून ठेवत असे. बोटं पहिल्या दिवसापासून हलती ठेवायची, नाहीतर हात गंजतो. तीन आठवड्यांनी वाकून हात सैल सोडायचा आणि जातं फिरवल्यासारखा गोल फिरवायचा. दोन अवसा गेल्याशिवाय ओझं उचलायचं नाही. सगळं सुवाच्य अक्षरात. फुलीबद्दल मात्र मी काही लिहिलं नव्हतं. ती रोज डोळ्यांसमोर होती, लिहायचं काय?

त्या बुधवारी आबा राबासाठी ऐनावर चढले. साठी उलटून गेली होती. सून म्हणाली होती, "मामंजी, गडी चढंल की." आबा म्हणाले, "गडी पडला तर मलाच बांधाया लागंल. त्यापरीस म्या चढतो." दुपारी त्यांना चौघांनी उचलून आणलं. डोक्याला खोक पडली होती, बोलणं अडखळत होतं. उजव्या बाजूचं गळ्याचं हाड मोडलेलं मलासुद्धा दिसत होतं.

मी हात झोळीत घातला. एका गड्याबरोबर भोरला चिठ्ठी पाठवली. तिथे आमच्या आळीत एक डॉक्टर राहत, सज्जन माणूस. त्यांना येणं शक्य नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं उत्तर आलं. डोक्याच्या जखमेबद्दल नीट सांगितलं होतं. खांद्याबद्दल तीन ओळी होत्या. 'खांदे मागे खेचून आठाची पट्टी बांधावी. हात झोळीत. बोटे हलती ठेवावीत.'

आठाची पट्टी.

मी मराठी शाळेचा मास्तर. रोज सकाळी फळ्यावर आठ काढणारा. वरून थोडा आडवा, मग तिरपा खाली, शेवट मोकळा. ८. मी आबांचा पटका घेतला, दुखऱ्या खांद्यावरून आणला, पाठीवरून तिरपा खाली घेतला आणि दुसऱ्या बाजूला कमरेशी बांधला. आठ अगदी वळणदार आला होता.

आबांना ताप होता. डोळे मिटलेले होते. तरी त्यांनी विचारलं, "मास्तर, फुली पडली का?"

"डॉक्टरांनी आठ लिहिलाय आबा."

"आठ म्हंजी?"

"तीच ती. कागदावरचं नाव."

"मंग ठीक. कागूद म्हंतुया म्हंजी..." आणि ते पुन्हा गुंगीत गेले.

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "मामंजींचं असं नसायचं हो. दोन्हीकडनं असायचं."

मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टरांचं लिहिलेलं आहे." ती आत निघून गेली. लिहिलेल्यापुढे त्या घरात कोणी बोलत नसे.

मी शंभर वेळा फुली पाहिली होती. चिठ्ठी एकदाच वाचली होती. आणि मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला.

ताप चार दिवसांनी उतरला. रोज सकाळी मी शाळेत जाण्यापूर्वी पट्टी घट्ट करायला जाई. आबा विचारत, "फुली हाय नव्हं?" माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. मी म्हणे, "आहे." एकदा ते म्हणाले, "डावा खांदा मोकळा वाटतुया." मी म्हणालो, "दवाखान्याची रीत आहे आबा." ते म्हणाले, "असंल."

तेव्हा त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी मला सांगितली होती. उजवा हात डोक्याच्या वर गेला पाहिजे. भात लावायला खालचा हात चालतो, पण दुसऱ्याचा खांदा मागून धरून ओढायला हात वर जावा लागतो आणि वर गेल्यावर त्यात जोर राहावा लागतो. "ह्यो हात वर गेला न्हाई तर ह्यो म्हातारा वाटंकडं बगत बसंल," ते म्हणाले, "आन् वाट त्याच्याकडं."

रामनवमीच्या आधी मी भोरला गेलो. विंझरपर्यंत पायी, तिथून नसरापूरपर्यंत गाडीने, पुढे मोटारीने. आबा पडून सतरा दिवस झाले होते. डॉक्टरांना भेटलो, आभार मानले. पट्टी कशी बांधली ते मी जरा अभिमानानेच सांगू लागलो. त्यांना नीट कळेना. म्हणून मी त्यांच्या मेजावरचा कागद ओढून आकडा काढला.

डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि शेजारी इंग्रजी आठ काढला. एकावर एक दोन वेढे, मध्ये रेघ रेघेला छेदून गेलेली.

"हा आठ," ते म्हणाले.

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. मध्ये फुली होती.

परतीची वाट मला धड आठवत नाही. विंझरनंतर पळस होते, ते झडले होते की फुलांवर होते तेही आठवत नाही. वाटेवर माझ्यापुढे कोणीतरी चालत होतं, त्याची पाठ तेवढी आठवते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाड आता सांधायला लागलं असेल, या वयात ते पुन्हा सोडवू नये, पण पट्टी बदलावी.

आबा मेढीला टेकून बसले होते. मी पायऱ्या चढून त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "आबा, फुली नाही पडली. पहिल्यापासूनच नव्हती. आठ निराळा होता. मी चुकलो."

त्यांचा डावा हात उजव्या बाजूच्या हाडावर गेला. तांदूळ निवडताना खडा चाचपावा तशी बोटं त्या उंचवट्यावरून फिरली.

"धरलंय," ते म्हणाले. "जरा वर चढून धरलंय."

"तुम्हाला कळलं नव्हतं?"

"हाताला कळत व्हतं. पर तुमी रोज सांगत व्हता, हाय म्हून. म्या म्हणलं, आपलाच हात चुकत असंल."

पडवीत सून सूप घेऊन बसली होती. तिचं पाखडणं थांबलं.

मग आबांनी हनुवटी थोडी उचलली, वाटेवरचा माणूस ओळखताना उचलत तशी.

"मास्तर, शाळंत पोरानं आठ चुकीचा काढला तर काय करता?"

"फुली मारतो."

"मंग मारा की," ते म्हणाले, आणि सावकाश वळून माझ्याकडे पाठ करून बसले.

मी पटका सोडला. एका खांद्यावरून काखेखाली, पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर. माझे वेढे सैल पडत होते. ते पाठमोरेच सांगत होते, "घट. आजून. घाबरू नगा, म्या काय मातीचा न्हाई." शेवटची गाठ मारून मी चार पावलं मागे सरलो. फुली पडली होती. मी तसं म्हणालो. सून उठून आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "व्हय मामंजी. पडली."

तिने सांगितल्यावर त्यांनी मान हलवली.

दोन अवसा गेल्या. पट्टी सुटली. आबांनी डाव्या हातात कोयता घेतला आणि मेढीवर उंच, हात पूर्ण वर केल्यावर बोटं पोचतील तिथे एक खाच पाडली. "हितवर जायाचं," ते म्हणाले. मग रोज सकाळी मेढीसमोर उभं राहून ते उजव्या हाताची बोटं लाकडावरून कोळ्यासारखी वर चढवत. जिथे बोटं थांबत तिथे काही दिवसांनी नवी खाच पडे. खाचा वर सरकत होत्या. कमरेपाशी, मग छातीपाशी, मग खांद्याच्या वर. मी शाळेत जाताना आणि येताना त्या मोजत असे. पुस्तक उघडं असे, डोळे मेढीवर.

अकराव्या खाचेनंतर बारावी पडली नाही. आबा तरी रोज उभे राहत. कपाळावर घाम येई. एके सकाळी सून म्हणाली, "मामंजी, आता बास." त्यांनी हात खाली घेतला, कोयता तिच्या हातात दिला आणि बसले. तो कोयता त्यांनी पुन्हा मागितला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा धुक्यातून वाटेवर चाल दिसली. आबांनी हनुवटी उचलली. "पाणी तापिव गं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मास्तर, पुस्तक ठिवा."

गडी बांधावरून घसरला होता. त्याच्या पाठीत गुडघा माझा होता, खांदे ओढणारे हात माझे होते. आबांचा डावा हात त्याच्या हाडावर होता. "वढा. आजून. थांबा. आता हलू नगा." माझ्या हातांना काहीच कळलं नाही. त्यांच्या बोटांना कळलं. पुढची दोन वर्षं आम्ही तशीच हाडं बांधली. गावात लोक म्हणत, आबांना मास्तराचा हात फुटलाय. आबाही हसत. पण एक गोष्ट बदलली होती. फुली पडली का, असं त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. प्रत्येक वेळी ते स्वतः उठत, रोग्याच्या मागे येऊन उभे राहत आणि बघत.

दोन वर्षांनी भाद्रपदात आबा तापाने गेले. खांदा द्यायला खालच्या-वरच्या वाड्यांतून माणसं आली. त्यांतल्या कित्येकांचे खांदे आबांनीच जागेवर आणलेले होते. सारोळ्याचा तो गडीही आला. नदीपर्यंत कोणी खांदा बदलू देईना.

त्यानंतर एका सकाळी त्या पडवीत मी एकटा बसलो होतो. वाटेवर धुकं होतं आणि धुक्यात चाल होती. मी हनुवटी उचलली, डोळे बारीक केले. मला काही कळलं नाही. माणूस जवळ आल्यावर मी त्याचा हात झोळीत घातला, बोटं हलती ठेवायला सांगितली आणि त्याला भोरला पाठवलं. नंतर माझीही भोरला बदली झाली.

डॉक्टर मला एकदा म्हणाले होते, "त्या वयात कशीही पट्टी बांधली तरी हाड थोडं चढून जुळतंच. तुमच्यामुळे झालं असं सांगता येत नाही." ते खरं असेल. मी आता आठ शिकवताना फळ्यावर दोन्ही काढतो आणि मुलांना सांगतो की हे दोन निराळे आहेत.

मागच्या उन्हाळ्यात गुंजवण्याला जाऊन आलो. सुनेने पडवी नवी केली आहे. बाकीच्या मेढी बदलल्या, ती एक ठेवली आहे. तिच्यावर अकरा खाचा आहेत आणि वर एक. अकरावी माझ्या कानापर्यंत येते. तिथून वरच्या खाचेपर्यंत दीड वीत अंतर आहे.